मुलीनं सोपवलेली माळ माझ्या हातून जगत नाही

पत्र थोडक्यात: पुण्याच्या एका वाचक ताईंनी लिहिलं आहे. वय 58. दोन वर्षांपूर्वी मुलगी शिकायला जर्मनीला गेली. जाताना तिनं स्वतः वाढवलेली ‘स्ट्रिंग ऑफ पर्ल्स’ची, म्हणजे मण्यांसारख्या पानांच्या लोंबत्या वेलीची, टांगती कुंडी आईच्या हाती दिली आणि म्हणाली, “माझी माळ सांभाळ.” पहिल्याच जुलैत ती कुजली. ताईंनी मुलीला न सांगता नर्सरीतून तशीच दुसरी आणली, ती पुढच्या मे महिन्यात वाळली. आता हॉलमध्ये तिसरी आहे. तिचा माथा टकला झालाय आणि बुंध्याशी देठ काळे पडलेत. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मुलगी म्हणते, “माळ दाखव ना.” जाऊबाई म्हणतात, काहींच्या हाताला यशच नसतं. शेजारच्या काकू म्हणतात, खाली लोंबणारी वेल घरात असू नये. यजमान म्हणतात, प्लॅस्टिकची आणू. ताई विचारतात, “चौथी आणून गप्प बसू, की मुलीला खरं सांगू? आणि माझ्या हातून ही का जगत नाही? बाकी गॅलरीत तुळस, गवती चहा, ऑफिस टाइम सगळं बरं चाललंय.”

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी आधी घेते. ते तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण माझ्या मते उत्तर तिथेच सुरू होतं. तुमच्या गॅलरीत ऑफिस टाइम फुलतंय. ऑफिस टाइम, म्हणजे चिनी गुलाब, हीसुद्धा मांसल पानांची, कुंडीच्या काठावरून खाली सांडणारी वनस्पती आहे. आपल्या घोळीच्या भाजीची सख्खी बहीण. तिची काडी तुम्ही कुणाकडून तरी मोडून आणली असेल, मातीत खोचली असेल आणि ती लागली असेल. म्हणजे पानांत पाणी साठवणारं, लोंबणारं झाड तुमच्या हातून जगतं. जाऊबाईंचं म्हणणं इथेच संपलं.

मग ही मोत्यांची माळ का जात असेल? तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्हाला वाटतंय की एकच गोष्ट तीनदा घडली. मला तीन वेगवेगळ्या गोष्टी दिसताहेत.

पहिली पावसाळ्यात गेली. तुम्ही लिहिलंय की सकाळी तुळशीला पाणी घालताना हिलाही फुलपात्रभर घालत होते, “न चुकता”. तुळस ते पाणी दोन दिवसांत पिऊन टाकते. ही माळ मुळात दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्टर्न केप भागातल्या कोरड्या प्रदेशातली आहे. तिनं प्रत्येक पानाचाच हंडा केलाय. गोल आकारात पाणी जास्तीत जास्त मावतं आणि उन्हावाऱ्याला उघडी राहणारी साल कमीत कमी लागते, म्हणून पानं मण्यांसारखी. अशी भरलेली हंडी घेऊन बसलेल्या झाडाला रोज पाणी नको असतं. त्यात पुण्याच्या जुलैत हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या पुढे जाते, ऊन नसतं, कुंडीतलं पाणी उडून जायला वाटच राहत नाही. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. ती मिळाली नाही की मुळं गुदमरतात आणि कुजतात.

दुसरीच्या वेळी तुम्ही धडा घेतलात आणि आठवड्याला दोन चमचे पाण्यावर आलात. जागा पश्चिमेच्या गॅलरीत, कारण ‘सक्युलंटला (म्हणजे अशा मांसल, पाणी साठवणाऱ्या झाडाला) कडक ऊन लागतं’ असं कुठेतरी वाचलं होतं. इथे दोन समजुती एकदम आडव्या आल्या. ईस्टर्न केपमध्ये ही वेल झुडपांच्या आणि दगडांच्या आडोशानं वाढते, तिला उजेड भरपूर पण दुपारचं ऊन झाकलेलं मिळतं. पुण्यातल्या मेमधलं पश्चिमेचं ऊन तिला भाजून काढतं. आणि दोन चमचे पाण्यानं वरची बोटभर माती ओली होते, खालची मुळं कोरडीच राहतात. नर्सरीतली रोपं बहुतेकदा निव्वळ कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, येतात, आणि कोकोपीट एकदा खडखडीत वाळलं की पाणी सहज धरत नाही. ओतलेलं पाणी कडेकडेनं निघून जातं. तुम्ही पाणी घालत होतात, तिच्यापर्यंत पोचत नव्हतं.

तिसरी हॉलमध्ये, छताजवळच्या हुकाला. लोंबणाऱ्या सरी खिडकीच्या उंचीला, त्यामुळे त्यांना उजेड मिळतो. कुंडीचा माथा मात्र छताखालच्या अंधारात. नवी फूट माथ्यावरून येते. तिथे उजेड नसेल तर माथा विरळ होत होत टक्कल पडतं. वरून माती दिसत नाही म्हणून आपण अंदाजानं पाणी घालतो, आणि अंधारात ते वाळत नाही. बुंधा काळा पडला तो त्यामुळे.

एकदा जास्त पाणी, एकदा कमी, एकदा उजेड नाही. प्रत्येक वेळी आधीची चूक तुम्ही सुधारली होतीत. ज्याच्या हाताला यश नाही असं म्हणतात, तो माणूस असं वागत नाही.

आता ‘रोज थोडं पाणी’ याबद्दल थोडं सविस्तर, कारण अशी पत्रं मला बरीच येतात. आपल्याकडे झाडाला पाणी घालणं हा दिनक्रम असतो, थोडीफार पूजाही. हात रिकामा ठेवणं आपल्याला दुर्लक्ष केल्यासारखं वाटतं. या झाडाच्या बाबतीत रोज करायची गोष्ट बघण्याची आहे. जवळून बघा, प्रत्येक मण्यावर एक पुसट, अर्धपारदर्शक रेघ असते. ती त्याची खिडकी. त्यातून उजेड पानाच्या पोटात उतरतो. पोटभर पाणी प्यायलेला मणी बोटांत धरला तर ताज्या मटाराच्या दाण्यासारखा घट्ट लागतो. तहान लागली की सैल पडतो, रेघ बारीक होते, सालीला किंचित सुरकुती येते. चार-सहा मणी असे लागले की पाण्याचा दिवस आला.

पण इथेच एक फसगत आहे आणि तीत भलेभले सापडतात. मुळं कुजली की झाड पाणी ओढूच शकत नाही, म्हणून मणी तेव्हाही सुरकुततात. आपल्याला वाटतं तहानलंय, आपण आणखी ओततो. म्हणून मण्यासोबत माती बघायचीच. देवघरातली जळून गेलेल्या उदबत्तीची काडी घ्या, कुंडीत तळापर्यंत खुपसा, दहा मिनिटांनी काढा. काडी कोरडी आणि मणी सैल, तर पाणी. काडी ओलसर, माती चिकटलेली आणि तरीही मणी सैल, तर पाणी अजिबात नको, मुळं तपासा. मणी पिवळट, पाणचट होऊन बोटानं फुटत असतील तर कूज बरीच पुढे गेली आहे. कुंडी हातानं उचलून वजन जोखायची सवय लागली तर महिन्याभरात काडीचीही गरज उरत नाही.

पाणी घालाल तेव्हा मात्र हात आखडू नका. तळाच्या भोकातून वाहेपर्यंत घाला, बशीत साचलेलं ओतून टाका, आणि मग पूर्ण वाळेपर्यंत विसरा. हिवाळ्यात आठ-दहा दिवसांनी वेळ येईल, पावसाळ्यात कधी तीन आठवडेही लागतील. हे आकडे तुमच्या गॅलरीत बदलतील. वार ठरवून पाणी घालणं सोडा, एवढाच त्यांचा अर्थ.

कुंडीच्या तळाशी “निचऱ्यासाठी खड्यांचा चांगला जाड थर दिला होता” असं तुम्ही लिहिलंय. हे आपण सगळ्यांनीच आईकडून, माळ्याकडून शिकलोय, मीही कित्येक वर्षं केलं. पण तो थर निचरा वाढवत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या खड्यांत सहजासहजी उतरत नाही. माती पुरती भिजून जड झाल्याशिवाय ते त्या सीमेवरच अडकून राहतं. ओला स्पंज जाळीवर ठेवला तरी त्याची खालची कड ओलीच राहते, तसंच. खड्यांच्या थरानं ती ओली कड मुळांच्या आणखी जवळ आणून ठेवली. भोकावर माती अडवायला खापरीचा एक तुकडा पुरे. खडा हवा तो मातीत सगळीकडे मिसळलेला.

माझं मिश्रण असं असतं: दोन वाटे पर्लाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे, हलके खडे) किंवा विटांचा खडा, एक वाटा गांडूळखत आणि बागेतली माती मिळून. विटांचा खडा घरी फोडलात तर चाळून घ्या. 3 ते 5 मिलिमीटरचे तुकडे ठेवा आणि खाली पडलेली पूड टाकून द्या. ती पूड कुंडीत गेली तर चिखल होतो आणि सगळी मेहनत वाया जाते. बोन्साय करणारे सिंडर, म्हणजे जळलेल्या कोळशाचा सच्छिद्र खडा, वापरतात, तोही उत्तम. खताचं फार मनावर घेऊ नका. हिवाळ्यात महिन्यातून एकदा पातळ द्रवखत दिलं तरी झाड खूश असतं. नवीन रोप आणलंत तर आठ दिवस सावलीत रुळू द्या, मग मुळांभोवतीचं कोकोपीट हलक्या हातानं सोडवून या मिश्रणात लावा.

आणि कुंडी? मी तुम्हाला मातीचं परळ सुचवीन. आपलं साधं पसरट परळ, तळाला ड्रिल करून तीन-चार भोकं पाडलेलं. या वेलीची मुळं उथळ असतात, खोल कुंडीतली खालची माती ती वापरतच नाही, ती नुसती ओली राहते. आणि यात तुमच्या शेजारच्या काकूंचंही उत्तर आहे. ही वेल तिच्या मुलखात लोंबतच नाही. ती जमिनीवर पसरते, देठ जिथे मातीला टेकेल तिथे मूळ सोडते आणि झुडपाच्या सावलीत हिरवी चटई करते. तिला टांगलं ते माणसांनी, शोभा दिसावी म्हणून. लोंबत्या वेलीनं घराला काही होतं असं मला वाटत नाही. पण काकूंचा आणि तुमचा रोजचा जाण्यायेण्याचा संबंध आहे, वाद घालत बसू नका. परळ स्टुलावर ठेवा. सरी वाढल्या की अर्ध्या खाली सोडा, अर्ध्या परत मातीवर गुंडाळा. माथा भरतो तो अशानंच.

जागा पूर्वेची. सकाळचं दोन-तीन तास ऊन आणि नंतर दिवसभर स्वच्छ उजेड. पूर्वेची गॅलरी नसेल तर पश्चिमेला हिरवी जाळी लावून, मार्चपासून जूनपर्यंत भिंतीच्या आडोशाला. पावसाळ्यात छपराखाली आणि तिरप्या सरी येणार नाहीत इतकं आत. मुंबईत, कोकणात, गोव्यात राहणाऱ्या वाचकांना मी स्पष्टच सांगते, तिकडच्या दमट हवेत या झाडाचे चार महिने कठीण जातात. हौस लोंबणाऱ्या माळेचीच असेल तर ‘स्ट्रिंग ऑफ बनानाज’ घ्या. याच घराण्यातली, पानं केळ्यांच्या आकाराची, पुष्कळ सोशिक. किंवा ‘स्ट्रिंग ऑफ हार्ट्स’. तीही दक्षिण आफ्रिकेकडचीच, पण तिचं कूळ सेरोपेजिया, म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पांचं. तिची बारीक सुरईसारखी फुलं पाहिलीत की नातं लगेच ओळखू येतं. (कंदीलपुष्पं मात्र डोंगरावरून उपटून आणू नका. त्यातल्या कितीतरी जाती फक्त सह्याद्रीत उरल्यात, आणि त्यांचे कंद कुंडीत आणून मारण्यासारखं दुसरं दुःख नाही.)

एक सूचना, आणि ती हलक्यानं घेऊ नका. तुमच्याकडे सुट्टीत दीड वर्षाची नात येते, म्हणजे पुतण्याची मुलगी, असं तुम्ही ओघात लिहिलंय. ही वनस्पती पोटात गेली तर विषारी आहे. उलट्या, जुलाब होऊ शकतात, मांजर-कुत्र्यांनाही तेच. चिकानं काहींच्या हाताला खाज येते, पुरळ उठतं. मणी हुबेहूब मटारासारखे दिसतात, लहान मूल तोंडात घालणारच. नात असेल तेवढे दिवस परळ तिचा हात पोचणार नाही अशा उंचीवर ठेवा, आणि तिनं मणी गिळलाच तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्या.

आता मुलीबद्दल.

यजमानांची प्लॅस्टिकची सूचना तुमचा त्रास संपावा म्हणून आहे, मला त्यात माया दिसते. चौथी कुंडी आणून गप्प बसणं हाही पर्याय आहे. कुणाचं नुकसान होत नाही, मुलगी परक्या देशात परीक्षेच्या ताणात आहे, तिला कशाला आणखी दुःख. हे सगळं तुम्ही स्वतःला सांगून पाहिलंय आणि तरीही मला पत्र लिहिलंत, म्हणजे ते पटलेलं नाही. रविवारचा फोन वाजला की पोटात गोळा येतो, असं तुम्ही म्हणता. आठवड्यातून एकदा मुलगी दिसते आणि त्या वेळी गोळा येतो, ही किंमत फार मोठी आहे.

तुम्ही एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती जरा तपासून पाहूया. मुलीला माळेचा जीव महत्त्वाचा आहे, आणि ती गेली हे कळलं तर तुम्ही तिला सांभाळली नाहीत असं तिला वाटेल, हे तुम्ही धरून चालला आहात. पण ती स्वतः झाडं वाढवणारी मुलगी आहे. झाडं वाढवणाऱ्या माणसाच्या हातून झाडं मरतात, हे तिला ठाऊक असणार. आणि स्वतःच्या हातानं वाढवलेली माळ आणि नर्सरीतून आलेली नवी माळ यांत मण्यांचा आकार, सरींची लांबी, माथ्याची दाटी असे कितीतरी फरक असतात. दोन वर्षं ती दर रविवारी बघते आहे. कदाचित तिच्या लक्षात आलंही असेल, आणि तुम्ही दुखावाल म्हणून ती बोलत नसेल. मी खात्रीनं सांगू शकत नाही. पण दोघी एकमेकींना जपत गप्प आहात, हे चित्र मला अशक्य वाटत नाही.

आणि एक अगदी व्यवहाराची गोष्ट. ती माळ याच घरात, याच पुण्याच्या हवेत तुमच्या मुलीनं वाढवली होती. किती वर्षं? कुठल्या खिडकीत? पावसाळ्यात कुठे हलवायची? पाणी कधी, कशानं घालायची? मी इथे लिहिलेलं सगळं सर्वसाधारण आहे. तुमच्या घरातलं नेमकं उत्तर एकाच व्यक्तीकडे आहे, आणि खरं न सांगितल्यामुळे नेमकं तिलाच तुम्हाला विचारता येत नाहीये. मला वाटतं, खरं सांगण्याचं हेच कारण तुम्हाला सर्वांत सोपं जाईल. माफी मागायला म्हणून फोन करू नका. “पहिल्या दोन गेल्या गं, ही तिसरी आहे, आणि हिचाही बुंधा काळा पडलाय. काय करू सांग,” एवढं म्हणा. रडू आलं तर येऊ द्या. तिलाही येईल कदाचित, घर आठवून.

ती आधी काही क्षण गप्प राहिली तर घाई करू नका. ‘दोन वर्षं का नाही सांगितलंस’ असं विचारलं तर जे मला लिहिलंत तेच तिला सांगा: तू सोपवलेलं एकच काम होतं आणि ते माझ्याकडून झालं नाही असं वाटत होतं.

तिसरी माळ अजून गेलेली नाही. बुंधा काळा पडला असला तरी सरींची टोकं हिरवी, घट्ट आहेत ना? मग झाड वाचलं. या वेलीचा तुकडा मातीला टेकला की मूळ धरतो, आणि नवं रोप म्हणजे तेच झाड असतं. एरवी मी छाट लावायला दिवाळीनंतरचे दिवस सांगते, तेव्हा हवा कोरडी आणि गार असते. पण बुंध्याची कूज वर सरकतेय, त्यामुळे थांबता येणार नाही. निरोगी टोकांचे बोटभर लांबीचे आठ-दहा तुकडे काढा. काळपट, पाणचट भाग एक मणीही शिल्लक ठेवू नका. कापाच्या बाजूचे तीन-चार मणी काढून टाका आणि तुकडे दोन दिवस सावलीत कागदावर पडू द्या, कापलेलं तोंड सुकलं पाहिजे. मग परळातल्या किंचित ओलसर मिश्रणावर ते आडवे, गोल गुंडाळून ठेवा आणि अंबाड्याच्या आकड्यांनी हलकेच दाबून बसवा, म्हणजे देठ मातीला चिकटून राहील. पुरायचं नाही. तीन-चार दिवस पाणी नाही, नंतर वरची माती सुकली की फवारा. दोन ते चार आठवड्यांत तुकडा हलक्यानं ओढला तर अडेल, ते मूळ. मण्यांच्या बेचक्यांत कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. कानातल्या कापसाच्या काडीला स्पिरिट लावून टिपून घ्या, नव्या परळात तो जाऊ देऊ नका.

हे सगळं रविवारच्या फोनवरच करा, असं मी सुचवीन. फोन डब्याला टेकवून उभा करा, वर्तमानपत्र अंथरा, तिसरी माळ कुंडीतून काढा आणि मुळं तिला दाखवा. कुठे कापायचं ते तिला सांगू द्या. ती तिकडून अडवेल, “अगं, अजून थोडं वर,” म्हणेल. कात्री आधी स्पिरिटनं पुसून घ्या, आणि चिकाचा हात डोळ्यांना लावू नका.